ज्याच्या मांडीवर बाळ

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काही लिहा, म्हणून संपादकांचा फोन आला. आधी पाच-दहा मिनिटं माझी स्तुती झाली. मग ते हळूच म्हणाले, "परब, ते त्या बाळाचं प्रकरण लिहिलंत तर लोक आवडीने वाचतील."

मी विचारलं, "किती शब्द?"

"बाराशे."

"बाराशेत फक्त लोकांची बाजू मावेल. माझी मावणार नाही. अडीच हजार द्या."

दीड हजार, अठराशे, दोन हजार करत ते अडीच हजारावर आले. माझ्याशी भाव करणाऱ्याला जिन्याच्या सगळ्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

ते प्रकरण आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून झालंय. 'दुबईत एका मराठी बार मॅनेजरने आठ महिन्यांच्या बाळाला दारू पाजली.' कुणी व्हिस्की म्हणतं, कुणी रम. मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या बायकोला एका बाईंनी विचारलं, "अहो, खरंच का हो?" बायको वाण न घेता घरी आली. म्हणून आता नीट सांगतो. ती ब्रँडी होती. मी पाजली नाही. पण माझा काहीच संबंध नाही असंही नाही.

मी कुडाळजवळच्या गावातला. दुबईत आलो तो भांडी घासायला. तिथून वेटर, मग बारटेंडर, मग बर दुबईतल्या एका हॉटेलच्या पबचा मॅनेजर. हॉटेलचं नाव लिहीत नाही, माझी नोकरी अजून त्याच कंपनीत आहे. इंग्रजी मी गिऱ्हाइकांकडून शिकलो, त्यामुळे त्यात शिव्या आधी आल्या आणि व्याकरण नंतर.

बार मॅनेजर दारू विकतो असं लोकांना वाटतं. दारू आपली आपण विकली जाते, तिला मॅनेजर लागत नाही. मॅनेजर लागतो तो कुणाला द्यायची नाही हे ठरवायला. इथे दारू पिऊन गाडी चालवली तर माफी नाही, आणि पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो कुठे प्यायलास हा. त्यामुळे आमचं लक्ष ग्लासापेक्षा टेबलावरच्या गाडीच्या किल्लीवर असतं. कुणाचा आवाज चढलाय, कोण खुर्चीला धरून उठतोय, कोण एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय, हे बघत फिरायचं. एकवीसच्या आतल्याला दारू द्यायची नाही हे तर आहेच. पण आईबापांबरोबर तान्हं मूल जेवणाच्या टेबलावर बसलं तर चालतं का, हे ज्या त्या जागेवर अवलंबून. आमच्या पबला एका अंगाला काउंटर आणि दुसऱ्या अंगाला जेवणाची टेबलं होती. त्या टेबलांवर दुपारचं चालायचं.

मला ते पहिल्यापासून पटत नव्हतं. पबच्या फरशीवर दिवसातून एक तरी ग्लास फुटतो. कितीही झाडा, एखादी काच टेबलाच्या पायाशी राहतेच, आणि रांगणारं पोर नेमकं टेबलाच्या पायाशी जातं. मॅचमध्ये गोल झाला की साठ माणसं एकदम ओरडतात, त्या आवाजाने दचकलेलं बाळ तुम्ही पाहिलंय का? आधी त्याचं तोंड उघडतं, आवाज नंतर येतो. एका बापाने तर पोराला थेट काउंटरवर बसवून हातात बिअरचा मग दिला होता, फोटोसाठी. मी तो मग काढून घेतला. तो म्हणाला, "रिलॅक्स, इट्स एम्प्टी." मी म्हटलं, "सो इज युअर हेड." त्याबद्दल मला लेखी माफी मागावी लागली. मागितली, पण त्या माणसाला पुन्हा काउंटरजवळ येऊ दिलं नाही.

पण आईबापांची बाजूही मला कळत होती. दुबईला लागून असलेल्या शारजात दारू नाही. तिथल्या अल नहदातल्या त्या उंच उंच टॉवरांमध्ये आपली किती कुटुंबं राहतात बघा. नवरा-बायको दोघं आठवडाभर नोकरीत, पोर पाळणाघरात, घरात तिसरं माणूस नाही. त्यांना एक शनिवार मिळतो. त्या दिवशी माणसासारखं बसून दोन घास खावेत, एखादा ग्लास घ्यावा असं वाटलं, तर पोराला ठेवणार कुठे? मीही पुढे अल नहदातच राहायला गेलो. लिफ्टमध्ये त्यांचे चेहरे रोज बघायचो.

तर हे शनिवारचं ब्रंच. आमचे जनरल मॅनेजर मिस्टर टोनी, लेबनानचे. त्यांच्या डोक्यात आलं की पबमध्ये दर शनिवारी एक ते चार फॅमिली ब्रंच सुरू करायचं, बाळांसकट. मी नाही म्हटलं. ते रोज बोलवायचे, मी रोज नाही म्हणायचो. तीन दिवस हा कार्यक्रम चालला. चौथ्या दिवशी त्यांनी कॉफी मागवली आणि म्हणाले, "हबीबी, व्हॉट डू यू वॉन्ट?"

इथे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. हॉटेलच्या नोकरीत दोन जाती असतात, सिंगल आणि फॅमिली. सिंगल म्हणजे लग्न झालेलं असलं तरी कंपनीच्या खोलीत बंक बेडवर झोपायचं. फॅमिली म्हणजे घरभाडं, बायकोपोरांचा व्हिसा, शाळेला हातभार. मी अकरा वर्षं सिंगल होतो. बायको माधवी आणि मुलगी ऋता कुडाळला. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मला फोनमधला माणूस समजत होती.

मी म्हटलं, "फॅमिली स्टेटस."

त्यांनी हात पुढे केला. "यल्ला, खलास." म्हणजे चला, ठरलं.

तीन दिवस ज्याला मी नाही म्हणत होतो त्याला एका कॉफीत हो म्हटलं. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही. तीन महिन्यांत माधवी आणि ऋता आल्या. एका बेडरूमचं घर, खिडकीतून समोरच्या टॉवरचे एसी दिसायचे, आणि आम्ही तिघं तिथे राजासारखे राहत होतो. ऋताची इथली शाळा सुरू झाली. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. तेही मला गोडच वाटायचं. हे सगळं त्या एका शनिवारावर उभं होतं, हे लक्षात ठेवा.

ब्रंच सुरू झालं आणि दुसऱ्याच शनिवारी एक जोडपं बिल देऊन उठलं. छान, हसरं जोडपं. लिफ्टने खालीही गेलं. टेबल आवरायला गेलेल्या मुलीने मला हाक मारली. टेबलाखाली बाबागाडी, आणि गाडीत बाळ, शांत झोपलेलं. आईला वाटलं बापाने घेतलं, बापाला वाटलं आईने. पाच-सात मिनिटांत दोघं धावत वर आले. आई गाडीचा पट्टा न सोडताच बाळाला ओढून काढायला लागली. त्या वेळी मी ओरडलो नाही. आमचा स्टाफ अजून ते सांगतो, परब सर एकदाच ओरडले नव्हते.

त्या संध्याकाळी मी नियम केला. बाबागाडी दाराशी होस्टेसकडे राहील. बाळ सतत कुणाच्या तरी मांडीवर असेल. आणि ज्याच्या मांडीवर बाळ, त्याला दारू नाही. कागदावर टाइप केला, खाली सही केली, प्लास्टिकमध्ये घालून बारच्या आतल्या भिंतीवर लावला.

हा नियम धंद्यातली माझी सगळ्यात चांगली कामगिरी होती असं मी अजून मानतो. एका टेबलावर निदान एक माणूस शुद्धीत राहायचा. आणि गंमत अशी यायची की पूर्वी बायकांच्या मांडीवरून न हलणारी पोरं आता टेबलभर फिरायची. सुरुवातीला नवरे हुशारी करायचे.

"सर, ती वॉशरूमला गेलीये. मी फक्त पाच मिनिटं धरलंय. ग्लास भरा ना."

"येऊ द्या तिला."

"अहो, माझा आधीचाच राहिलाय, हा नवा नाही."

"आधीचाही ती आल्यावर."

"आपण मराठी माणसं ना, परब साहेब?"

"म्हणूनच मराठीत नाही सांगतोय."

मग लोकांनी तोडगा काढला. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईला किंवा सासूला बरोबर आणायचं. आज्या पीत नाहीत, नातवंड सोडत नाहीत, आणि बुफेतलं काय शाकाहारी आहे हे विचारण्यात तीन तास आनंदाने घालवतात. काही शनिवारी माझ्या पबमध्ये सहा-सहा आज्या असायच्या, नऊवारीपासून पंजाबी ड्रेसपर्यंत. मिस्टर टोनी खूश. फक्त ते मला विचारायचे, "व्हाय दे ऑल आस्क फॉर हॉट वॉटर?"

पेंडसे कुटुंब असंच आलं. ओंकार पेंडसे बँकेच्या आयटीत, बायको सायली एका शाळेत अकाउंट्स बघायची, मुलगी ईरा आठ महिन्यांची. अल नहदात आमच्याच टॉवरमध्ये, आमच्या वर चार मजले. आणि ओंकारची आई, डोंबिवलीच्या पेंडसे काकू, तीन महिन्यांसाठी आलेल्या. काकू पहिल्या शनिवारी दारातच थांबल्या. "ओंकार, हे काय आहे? हा तर गुत्ता आहे." मी पुढे होऊन नमस्कार केला, कोपऱ्यातलं टेबल दिलं. त्यांनी मेनू हातात घेतला.

"पाण्याची बाटली पंचवीस दिरहॅम? तेवीसने गुण... पावणेसहाशे रुपये! परब, पाणी आहे ना हे?"

"पाणीच आहे, काकू. तुमच्यासाठी साधं आणतो, फुकट."

तेव्हापासून आमचं जमलं. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं निघालं. 'अहो परब'चं 'अरे परब' व्हायला दोन शनिवार लागले. ईरा त्यांच्या मांडीवर आणि त्यांचं अर्धं लक्ष माझ्यावर. "अरे परब, तू जेवलास का? तिकडे काउंटरवर तो लाल शर्टवाला पडेल बघ आता." आणि तो खरंच पडायचा. काकूंना मी नोकरीवर ठेवलं असतं.

ज्या शनिवारी घडलं, त्या दिवशी पबमध्ये एसी जास्तच थंड होता. मी दोनदा हॉटेलच्या इंजिनिअरिंग खात्याला फोन केला, इन्शाल्ला होईल म्हणाले. शेजारच्या टेबलावर क्लेअर नावाची ब्रिटिश बाई होती, शाळेत शिकवायची, आमची जुनी गिऱ्हाईक. तिचं पोर तिने छातीशी कापडी झोळीत बांधलं होतं. नवऱ्याला मॅच बघायची होती. तिने वाइन मागितली. मी नाही म्हटलं.

"तो माझ्या मांडीवर नाहीये," ती म्हणाली. "झोळीत आहे."

"झोळी म्हणजे मांडीच, मॅडम."

"झोळी माझ्या खांद्यांना बांधलीये. मांडी रिकामी आहे. बघा."

ती बाई भाव करण्यात माझ्या तोडीची होती, मला आवडायची. दहा मिनिटं आम्ही मांडी कुठे सुरू होते यावर वाद घातला. शेवटी मी आवाज चढवला आणि नियम तो नियम म्हणालो. ती लिंबू-सोडा प्यायली.

अर्ध्या तासाने काकूंनी मला खुणावलं. ओंकार आणि सायली बुफेकडे गेले होते. ईराचं नाक चोंदलं होतं, श्वास घेताना घुर्रघुर्र आवाज येत होता, डोळे लाल.

"अरे परब, एक चमचाभर ब्रँडी मिळेल का? हिच्या छातीला चोळते. या मेल्या एसीने पार गोठलीये पोर."

हे वाचताना आपल्यातले अर्धे लोक मान डोलावतील. आपल्याकडे जी माणसं दारूच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावतात, त्यांच्याही औषधाच्या कपाटात, अमृतांजनशेजारी, एक चपटी बाटली असायची. कुणी विचारलं तर 'बाळासाठी' असं सांगायचं. माझ्या आईकडे होती. ती छातीला चोळायची, तळपायाला चोळायची, आणि मग करंगळी बुडवून जिभेला लावायची. मला लावलीय, माझ्या भावंडांना लावलीय.

मी काउंटरला गेलो. आमचा बारटेंडर दीपक, नेपाळचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शांत माणूस. मी म्हटलं, "दीपक, ब्रँडी दे. थोडीशी, सॉसच्या वाटीत."

"किसके लिये, सर?"

"वो कोने में आंटी."

त्याने तिकडे बघितलं. "सर, बच्चा उनकी गोद में है."

"अरे, पीने के लिये नहीं, दवाई है."

"सर, रूल में दवाई नहीं लिखा."

"रूल किसने लिखा? मैंने लिखा! तू मला शिकवतोस?" रागात मी मराठीवर येतो. शेजारचे दोघे वळून बघायला लागले. दीपकने वाटीत ब्रँडी ओतली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. नेऊन देण्याचं काम त्याने केलं नाही. मीच नेली.

काकूंनी ईराच्या झबल्याचं बटण उघडलं, छातीला चोळली, पाठीला चोळली. आणि मग करंगळी बुडवली.

मी समोर उभा होतो. दोन पावलांवर. मी पाहिलं.

ईराने तोंड वाकडं केलं, शिंकली, आणि काकू म्हणाल्या, "बघ, मोकळं झालं."

क्लेअर उठून उभी राहिली. ती ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही मला एक ग्लास वाइन दिली नाहीत, कारण माझं बाळ माझ्याजवळ झोपलंय. आणि आत्ता तुम्ही एका बाळाला ब्रँडी दिलीत."

मी चाळीस देशांच्या माणसांशी भांडलोय, पण त्या बाईचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि माझा चेहरा ते लपवू शकला नाही. तिने फोन काढून वाटीचा फोटो घेतला. ओंकार हातात दोन प्लेटा घेऊन परत येत होता, त्याला काही कळेना. काकू मला विचारत होत्या, "काय म्हणते रे ती? तिच्या पोरालाही हवी का?"

संध्याकाळी त्यांनी ईराला डॉक्टरकडे नेलं. बाळाला काही झालं नव्हतं. पण डॉक्टरांनी काकूंना चांगलं झापलं. बाळाला दारूचा थेंबसुद्धा देऊ नये, चोळायचीही नाही, कातडीतून आत जाते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला हे पन्नाशीला आल्यावर कळलं.

रविवारी मिस्टर टोनींचा फोन आला. क्लेअरची तक्रार फोटोसकट आली होती. सोमवारी अकरा वाजता मला लेखी जबाब द्यायचा होता. "सिंपल, हबीबी. बाळाला कुणी दिली, त्याचं नाव लिही. गेस्टने दिली, तू नाही. मग तुझं फार काही होणार नाही."

म्हणजे काकूंचं नाव. ते लिहिलं तर हॉटेल तक्रार पुढे पाठवणार, आणि परक्या देशात व्हिजिट व्हिसावर आलेल्या एका म्हातारीच्या मागे चौकशी लागणार. नाही लिहिलं तर माझी नोकरी. नोकरी गेली की व्हिसा गेला, माझा आणि त्याला बांधलेले आणखी दोन. ऋता दहावीला होती. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर.

दुपारी ओंकार आमच्याकडे आला. बसला नाही. "परब साहेब, आईचं नाव नको. प्लीज. तुम्ही चुकून वाटी चुकीच्या टेबलावर गेली असं सांगा ना."

"चुकून? अहो पेंडसे, माझी पोरगी दहावीला आहे. चुकून म्हटलं की मला आजच्या आज घरी पाठवतील."

"मी तुमच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकीन."

"कुठे? बँकेत?"

मी भडकलो होतो. त्याला सांगितलं की शनिवारी तीन-तीन तास आईच्या मांडीवर पोर टाकून तुम्ही बिअर पिता आणि आता माझ्याकडे येता. माधवी आतून बाहेर आली. तेवढ्यात दारात काकू. चार मजले जिन्याने उतरून आल्या होत्या, लिफ्ट त्यांना आवडत नसे.

"मी येते उद्या आणि सांगते त्या टोनीला," त्या म्हणाल्या. "मी काही चोरी केलेली नाही. ओंकार, तुलाही दिली होती मी. काय बिघडलं तुझं?"

"आई, प्लीज, इथे हे चालत नाही!"

"मग इथे मला बोलावलंस कशाला? पोर धरायला?"

सायली खाली आली आणि काकूंना घेऊन गेली. जाताना काकू माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "परब, तुझं नुकसान करून घेऊ नकोस. माझं काय, मी म्हातारी आहे."

सोमवारी मी टोनींसमोर बसलो. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकमधला कागद होता. भिंतीवरून काढून आणलेला, माझ्या सहीचा. "युअर ओन रूल," ते म्हणाले. मी त्यांना आठवण करून दिली की बाळं पबमध्ये कुणाला हवी होती. ते म्हणाले, "तू हो म्हणालास. फुकट म्हणालास का?" याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग आम्ही भाव केला. दीड तास. बाहेर तक्रार जाऊ नये हे हॉटेललाही हवं होतं, ते मी ओळखलं. मी लिहून दिलं की गेस्टच्या विनंतीवरून, बाहेरून लावण्यासाठी, नियम मोडून, मी स्वतः ब्रँडी दिली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, असंही लिहिलं. शेवटचं वाक्य खोटं होतं. काकूंचं नाव कुठेच नव्हतं. क्लेअरला मी स्वतः भेटून माफी मागितली, ती मात्र खरी होती. तिने तक्रार पुढे नेली नाही. बदल्यात मला काढलं नाही. पब गेला. रास अल खोरला कंपनीचं मोठं गोदाम आहे, चादरी, टॉवेल, काचसामान. तिथे सुपरवायझर. फॅमिली स्टेटस दहावीची परीक्षा संपेपर्यंत. त्यानंतर सिंगल. टोनी जानेवारी म्हणत होते, मी जून म्हणत होतो, मार्चअखेरीवर ठरलं.

माझी तक्रार आहे ती अजून आहे, ती इथे नोंदवतो. ब्रंच बंद झालं नाही. बाळं येतात. माझा कागद पुन्हा भिंतीवर लागलाय, नीट छापून, तीन भाषांत, खाली नव्या मॅनेजरची सही. आणि मंडळाच्या कार्यक्रमात पेंडसे मला दुरून हात करतात, जवळ येत नाहीत. लाज वाटत असेल. किंवा फोटोत माझ्याशेजारी दिसायचं नसेल. त्यांच्यासाठी मी काय सोडलं हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून ग्रुपवर जे फिरतं ते फिरतं.

आता मूळ प्रश्न. बाळाला बारमध्ये आणावं का? माझं उत्तर नाही, आणि काचा, आवाज, एसी ही कारणं आहेतच. पण खरं कारण मला त्या शनिवारी कळलं. बाळ आलं की बारमधली माणसं आपण कुठे बसलोय हे विसरतात. ती आपापल्या घरी असल्यासारखी वागायला लागतात, आणि घरी कुणी भिंतीवरचा कागद वाचत नाही. गिऱ्हाईक विसरलं तर मॅनेजर असतो. मॅनेजरच विसरला तर कुणी नसतं. दीपक होता, त्याच्यावर मी ओरडलो. त्याची माफी मागायची राहिली, ती इथे मागतो.

मार्चच्या शेवटी माधवी आणि ऋता गेल्या. दुपारचं विमान होतं. ऋताची अकरावी कोल्हापूरला, माधवीच्या भावाकडे राहून. एअरपोर्टवर ती माझ्याशी फार बोलत नव्हती. रांगेत उभं असताना एकदम म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट से नो टू हर?"

"काकू होत्या गं त्या. आपल्या टॉवरमधल्या."

"शी वॉज अ कस्टमर, बाबा."

अकरा वर्षं फोनवरून आणि पाच वर्षं घरात मी या मुलीला प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं होतं. माधवीने माझ्याकडे बघितलं आणि बॅग पुढे सरकवली.

बॅग काट्यावर ठेवली तर चार किलो जास्त. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी कमी करावं लागेल. माधवी माझ्याकडे बघत राहिली, आता मी नेहमीसारखा सुरू होईन म्हणून. चार किलो मी कुठल्याही काउंटरवर सहज सोडवून घेतले असते. मी तिथेच खाली बसलो, बॅग उघडली आणि प्रेशर कुकर बाहेर काढला. बॅग बंद करून वर ठेवली, ती पट्ट्यावरून आत गेली.

कुकर काखेत घेऊन मी रास अल खोरच्या बसमध्ये बसलो. कंपनीच्या खोलीत स्वयंपाकाला परवानगी नाही. तो माझ्या बंकखाली आहे.